तिसरा कप्पा

"बोनस घेतला रे, बोनस!"

शर्वीच्या बाबांच्या गळ्यातली पट्टी ओरडली खरी, पण तोवर बोनस घेणारा पोरगा आपल्या अंगणात परत आला होता, मांडीवर थाप मारून झाली होती आणि मित्राला टाळीसुद्धा देऊन झाली होती.

भालखारच्या सरावाच्या मैदानावर हशा पिकला. शर्वीने मोबाईलवरचं घड्याळ थांबवलं आणि कपाळाला हात लावला. "एक पॉइंट आठ! बाबा, एक पॉइंट आठ सेकंद! एवढ्यात तर आई भांडण सुरू करून संपवते."

बाबांनी जबडा किंचित खाली केला. पट्टीवरचा ठिपक्याएवढा दिवा हिरवा झाला, आणि बरोबर एक पॉइंट आठ सेकंदांनी पट्टी घरघरली, "संपवत नाय गो. फक्त सुरू करते."

शर्वीचे बाबा म्हणजे हरेश्वर म्हात्रे. अलिबाग तालुक्यात कुणाला हरेश्वर म्हटलं तर कळायचं नाही, पण हरूभाऊ म्हटलं की कबड्डीचं मैदानच डोळ्यांसमोर यायचं. बावीस वर्षं त्यांनी माईक हातात धरला होता. चढाईपटू मध्यरेषा ओलांडायच्या आत त्यांना त्याच्या खांद्यावरून कळायचं, की हा डाव्या कोपऱ्याला जाणार. हरूभाऊंचं समालोचन ऐकायला माणसं सामन्याकडे पाठ करूनही उभी राहायची. आणि मग चौदा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गाठ काढताना तिच्यासोबत स्वरयंत्रही काढलं.

एव्हाना गावोगावच्या मैदानांवर समालोचनाची यंत्रं आली होती. पोरं त्याला पोपट म्हणायची. पोपट कधी चुकत नसे, कधी दमत नसे आणि कधी कुणाला हसवतही नसे. मंडळाचे अध्यक्ष पांडुशेठ ठाकूर यांनी बाबांना स्पष्ट सांगितलं होतं, "हरू, रविवारचा अंतिम सामना तुझा. जमलं तर माईक कायमचा तुझा. नाय जमलं तर पोपट. मला पन गावाला तोंड दाखवायचंय."

आज बुधवार होता.

*

पट्टीची गोष्ट अशी. स्वरयंत्र गेलं तरी बोलण्याचे हुकूम मेंदूतून सुटायचे थांबत नाहीत. ते जबड्याच्या, जिभेच्या, गळ्याच्या स्नायूंपर्यंत येतात, स्नायू केसभर थरथरतात, आणि पट्टी ती थरथर टिपून शब्द ओळखते. घोटाळा एकच. माणूस मनातल्या मनात बोलतो ना, तेव्हाही हेच स्नायू थरथरतात! म्हणून पट्टीच्या प्रोग्रॅममध्ये एक फाटक ठेवलेलं असतं. खरंच बोलायचं असेल तेव्हा जबडा जरा खाली करायचा, की फाटक उघडतं, दिवा हिरवा होतो. नाहीतर फाटक बंद आणि दिवा पिवळा. शब्द आले, पण आतच राहिले.

इस्पितळातून मिळालेली पट्टी पुस्तकी मराठी बोलायची. "कृपया मला पाणी द्यावे." पहिल्या दिवशी ते ऐकून आईने स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावला होता, आणि ती हसत होती की रडत होती हे शर्वीला अजून ठरवता आलेलं नाही. पण पट्टीचा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला होता, कुणीही घ्यावा आणि सुधारावा. अकरावीतल्या शर्वीने तो घेतला. त्याला गावची बोली शिकवली, कबड्डी शिकवली, 'लोण' म्हणजे खायचं लोणी नव्हे हे शिकवलं. वर्षभर कॉलेज, क्लास आणि पट्टी. चौथं काही नाही.

"मग ते वेगानं का नाही बोलत?" बुधवारी जेवताना आईने विचारलं.

"कारण हे डीबग बिल्ड आहे, आई." शर्वी घास हातात धरून सुरू झाली. "हे बघ. प्रोग्रॅम एकच. पण तो तीन ठिकाणी चालवायचा आहे ना? पट्टीतल्या चिपवर, फोनवर आणि मैदानावरच्या स्पीकरच्या पेटीवर. म्हणून कॉम्प्युटरला एक कृती लिहून द्यायची, की या या यंत्रासाठी असं असं बांध. आणि त्या कृतीत दोन कप्पे असतात, डीबग आणि रिलीज. डीबग म्हणजे गणिताचा पेपर, सगळ्या पायऱ्या लिहून. पावलोपावली पहारेकरी बसवलेले. इथे हे असंच असलं पाहिजे, नसेल तर थांब! वर प्रत्येक गोष्टीची नोंद. म्हणून हळू. रिलीज म्हणजे नुसतं उत्तर. पहारेकरी सगळे घरी, नोंदी बंद. सुसाट!"

"मग नुसतं उत्तरच दे की. घास खा आधी."

"रविवारी देणारच आहे! आणि रिलीजमध्ये बाबांचा जुना आवाज आहे. बावीस वर्षांच्या रेकॉर्डिंगमधून बनवलेला. डीबगमध्ये हा घरघर्‍या टाकलाय कारण तो लहान आहे, बांधायला लवकर होतो."

बाबांच्या पट्टीवरचा दिवा पिवळा लागला आणि विझला. शर्वीला ते दिसलं. तिला वाटलं, भाजीत मीठ कमी असेल.

जुना आवाज तिने त्यांना मार्चमध्ये एकदाच ऐकवला होता, एकच वाक्य. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

*

डीबगमधल्या नोंदींत एक रकाना होता, 'रोखलेले'. फाटकाच्या आत राहिलेले शब्द त्यात जमा व्हायचे. हे कळल्या दिवशी बाबांनी पट्टी काढून पाटीवर लिहिलं होतं, "हे कोन वाचनार?" आणि शर्वीने गळ्याला चिमटा घेऊन सांगितलं होतं, "कुणी नाही. आईशप्पथ."

वर्षभर तिने शब्द पाळला. गुरुवारी संध्याकाळी मात्र ती उशीर कुठे होतो ते शोधत होती, बोट घसरलं, आणि रकाना समोर आला. तिने लगेच डोळे मिटले. म्हणजे लगेच नाही. एक ओळ वाचून झाल्यावर.

सांगू का तिला.

खाली पुन्हा तेच. सांगू का तिला. सकाळपासून अकरा वेळा.

शर्वीने पडद्यावरची ती खिडकी बंद केली. मागच्याच आठवड्यात बाबा एकटे अलिबागला तपासणीला गेले होते. आल्यावर पट्टी म्हणाली होती, "सगळं ठीक हाय." एवढंच. रिपोर्ट कुणी बघितला? कुणीच नाही! ती उठली, बसली, पुन्हा उठली. विचारायचं तर वाचलं हे कबूल करायचं. नाही विचारायचं तर काय करायचं? तिने फळीवरचा डबा उघडला आणि भाजणीचं कोरडं पीठ तोंडात टाकलं. मग सायकल काढली आणि रेवदंड्याला बुशराच्या घरी जाईपर्यंत एकदाही ब्रेक लावला नाही.

बुशरा हुर्झुक तिच्याच वर्गातली. तिच्याकडे भावाचा दणकट कॉम्प्युटर होता. शर्वीच्या लॅपटॉपवर सगळ्या चाचण्या चालवायला अडीच तास लागायचे, बुशराकडे चार मिनिटं. म्हणून बांधायचं शर्वीने आणि चाचण्या घ्यायच्या बुशराने, अशी वाटणी होती.

"तोंडाला पीठ लागलंय," बुशरा म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही. रिलीज तपास."

"काही नाही म्हणणारी माणसं पीठ खात नाहीत."

"बुशरा, तपास ना गं!"

बुशराने शर्वीने पाठवलेली ओळ जशीच्या तशी टाकली. तीत 'रिलीज' असं ढळढळीत लिहिलं होतं. हिरव्या खुणा भराभर खाली सरकल्या. "दोनशे बारापैकी दोनशे बारा! फाटकाच्या सगळ्या पास. मला फालुदा लागू झाला."

शर्वीने तिला मिठी मारली. पण मन तिथे नव्हतंच.

*

रविवारी चार वाजताच मैदान भरलं. बायकांच्या बाजूला आई पुढच्याच रांगेत, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन बसली. शर्वी आणि बुशरा समालोचकाच्या टेबलाशी लॅपटॉप आणि स्पीकरची पेटी घेऊन बसल्या. पलीकडे पोपटाचं यंत्र तयार होतं. पांडुशेठ कधी त्याच्याकडे बघत होते, कधी बाबांकडे.

शर्वीने पट्टीत रिलीज भरलं. बाबांनी जबडा हलवला.

"नमस्कार मंडळी!"

मैदानावर शिट्ट्यांचा पाऊस पडला. तोच आवाज! भरदार, थोडा नाकातला, शेवटी वर चढणारा. उशीर शून्य. एक म्हातारी डोळे पुसू लागली. बाबांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. पट्टीवरचा दिवा हिरवाच राहिला होता, पण शर्वीला वाटलं, बाबांना कधी एकदा बोलतो असं झालंय.

सामना सुरू झाला आणि हरूभाऊ सुटले. "गेला, डाव्या कोपऱ्याला गेला, पाय टाकतोय, नको टाकू बाबा तिथं साखळी हाय, धरला! घोट्यात धरला!" शब्द आणि पकड एकाच क्षणी. शर्वीने बुशराचा दंड एवढा दाबला की बुशरा कळवळली.

मध्यंतराला एखादं मिनिट उरलं असताना पंचांनी एक निर्णय दिला. स्पीकर म्हणाला, "पंचाला चष्मा लागलाय. सांगनार कोन?"

प्रेक्षक खो खो हसले. पंचही हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी चमकून स्पीकरकडे बघितलं.

"पांडुशेठचं पोट बघ," स्पीकर पुढे म्हणाला, "शेठच्या आधी मध्यरेषा पार करून येतंय."

आता मैदान लोळायचं बाकी होतं. पांडुशेठांनी शर्ट खाली ओढला.

"घरी वांगं नसलं म्हंजे मिलवली. अरे, ह्ये काय? मी बोललो नाय. मी बोलतच नाय. गप. गप रे. मनात काय आनू नको..."

हशा विरला. काहीतरी बिनसलंय हे लोकांच्या लक्षात आलं. बाबांचे हात मानेमागे पट्टीची कडी शोधत होते, आणि शब्द बोटांपेक्षा वेगवान होते. मनात काही आणायचं नाही असं ठरवलं, की मनात नेमकं काय येतं हे सगळ्यांना माहीत आहे.

"सांगू का तिला," स्पीकर म्हणाला.

स्पीकरची कळ शर्वीच्या उजव्या हाताखालीच होती. नुसती फिरवायची. बोटं तिच्यावर पोचलीसुद्धा. आणि थांबली. तिला ऐकायचं होतं. भर मैदानात, दोन हजार माणसांसमोर, बाप उघडा पडत असताना तिला ऐकायचं होतं.

"सांगू का तिला, ह्यो आवाज माजा नाय. मेलेल्या मानसाचा हाय. त्यो गेला, मी र्‍हायलो. वर्षभर खपली पोर, कसं सांगू..."

कळ फिरली. स्पीकर बंद झाला. मग पंचांची शिट्टी. मध्यंतर.

आजार नाही! पहिला विचार तोच आला, आणि तिला चक्क आनंद झाला. दुसऱ्या क्षणी त्या आनंदाची लाज वाटली. आणि मग उरलेलं वाक्य येऊन आदळलं. मेलेल्या माणसाचा. मार्चमध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवणारी तीच होती.

"शर्वी!" बुशराने तिला गदागदा हलवलं. "नंतर रड. दिवा पिवळा झालाच नाही. एकदाही नाही. फाटक बंदच होत नाहीये!"

"तुझ्याकडे तर पास झालं होतं!"

"झालं होतं. थांब." बुशराने फोनवर घरच्या कॉम्प्युटरची नोंद उघडली. "शर्वी, चाचण्या कुठल्या कप्प्यातून चालल्या माहितीये? डीबग."

शर्वीच्या लॅपटॉपवर बांधकाम सुरू करण्याआधीच सांगायचं असतं, की कुठला कप्पा हवा. बुशराकडच्या कॉम्प्युटरची रीत वेगळी. तिथे दोन्ही कप्पे तयारच असतात, आणि बांधण्याच्या क्षणी निवडायचा असतो. आधी सांगितलेलं तो ऐकतच नाही. कुरकुरत नाही, चूक दाखवत नाही, निमूटपणे डीबग बांधून हातात ठेवतो. खरं रिलीज आजवर कुणी तपासलंच नव्हतं.

शर्वीने फाटकाची फाईल उघडली. चूक तिच्याकडे बघून दात काढत होती. एका पहारेकऱ्याच्या ओळीत तिने ऐटीत लिहिलं होतं, 'फाटक बंद कर, आणि झालं का ते बघ.' दोन्ही एकाच ओळीत, काय हुशारी! डीबगमध्ये पहारेकरी रोज फाटक लावायचा. रिलीजमध्ये पहारेकऱ्यांना घरी पाठवतात, ओळीच्या ओळी पुसल्या जातात. हा पहारेकरी घरी जाताना किल्ली खिशात घालून गेला होता.

"मध्यंतर पाच मिनिटांचं," बुशरा म्हणाली. "चाळीस सेकंद गेले."

पांडुशेठ टेबलाशी आले. पोट आत ओढून. "हरू, माजं सोड. पन दुसऱ्या डावाला पोपट लावतो. उगाच हसं नको तुजं."

बाबांनी पट्टी काढून टेबलावर ठेवली होती. त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला. "थांब." मग पाटी शर्वीपुढे सरकवली आणि खाली लिहिलं, "जमेल?"

शर्वीने फाटक बंद करण्याचं काम पहारेकऱ्याच्या ओळीतून काढून वेगळ्या ओळीत टाकलं. एवढ्यावर भागलं असतं. रिलीज पुन्हा बांधायचं, जुना आवाज, सुसाट वेग, टाळ्या. तिने बाबांकडे बघितलं. मग कृतीच्या फाईलमध्ये दोन कप्प्यांच्या खाली तिने तिसरं नाव लिहिलं.

"हे काय?" बुशरा म्हणाली.

"तिसरा कप्पा. दोनच असले पाहिजेत असं कुणी सांगितलंय? वेग रिलीजचा. पहारेकरी डीबगचे, फक्त फाटकापुरते. नोंदी बंद. आणि आवाज..." तिने एक क्षण श्वास धरला. "आवाज घरघर्‍या."

"शर्वी, तो जुना आवाज बनवायला तुला सात महिने..."

"माहितीये मला किती लागले!" ती ओरडली, आणि त्या ओळीपुढे खूण टाकून तिने जुना आवाज बाजूला केला. पुसला नाही. पुसवलं नाही. मग बटण दाबलं. या वेळी कप्प्याचं नाव तिने दोनदा वाचून घेतलं. तीन मिनिटं.

पडद्यावर बांधकाम किती झालं ते दाखवणारा पट्टा इंचाइंचाने सरकू लागला. तीन मिनिटांत माणूस किती वेळा नख खाऊ शकतो याचा विक्रम शर्वीने त्या दिवशी केला.

"बाबा," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "मी वाचलं होतं. गुरुवारी. एकच ओळ. आणि आत्ता कळ... मी मुद्दाम उशिरा फिरवली. मला वाटलं तुम्ही परत आजारी आहात."

पाटीवर खडू घासल्याचा आवाज आला. तिने कशीबशी मान वळवली.

"पाच सेकंद," बाबांनी लिहिलं होतं. "मोजले मी. पट्टीपेक्षा तू मंद."

शर्वी हसली, आणि त्याबरोबर नाकही गळलं. बाबांनी तळहाताने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, "घरघर्‍या बरा हाय. त्याला आता माजी सवय झाली."

बांधून झालं. पट्टीत भरायला तीस सेकंद लागले. बाबांनी ती गळ्यात घातली. स्पीकर बंदच ठेवला होता, बुशराने फोन कानाला लावला होता.

"चाचणी," ती म्हणाली. "काका, मनात शिवी घाला. बोलायची नाही हां."

बाबांनी पांडुशेठांकडे एक नजर टाकली. दिवा पिवळा झाला. फोन गप्प.

"घातली?"

बाबांनी मान डोलावली.

"किती?"

बाबांनी तीन बोटं वर केली. पांडुशेठांनी हात जोडले, वळले, आणि स्वतःच जाऊन पोपटाची तार बोर्डातून उपटली.

शिट्टी झाली. शर्वीने कळ फिरवली. दोन हजार माणसं कान टवकारून बसली होती, कारण आता हरूभाऊ काय बोलतील आणि काय बोलून जातील याचा कुणालाच भरवसा नव्हता.

दिवा हिरवा झाला.

"भालखार!" तो आवाज भरदार नव्हता. डब्यात खडे हलवल्यासारखा होता, घरघरणारा, रात्रंदिवस घरात ऐकलेला. पण ठेका हरूभाऊंचा होता, शेवटी वर चढणारा, आणि उशीर शून्य. "मगाशी जो बोलत होता त्याला घरी पाठवला. आता मी बोलतोय. चढाईला कोन? उजव्या खांद्यानं निघालाय, म्हंजे डाव्या कोपऱ्याला जानार... गेला! सांगितलं नव्हतं?"

आधी आई उठली. मग सगळं मैदान.

शर्वी उठली नाही. ती पट्टीकडे बघत होती. दोन चढायांच्या मधल्या उसंतीत बाबांनी तिच्याकडे मान वळवली, आणि दिवा पिवळा झाला. चांगला लांबलचक पिवळा. स्पीकर गप्प. बाबांच्या डोळ्यांच्या कडा हसत होत्या की आणखी काही, ते कळत नव्हतं. मग ते मैदानाकडे वळले आणि दिवा पुन्हा हिरवा झाला.

शर्वीची बोटं आपोआप लॅपटॉपकडे गेली, नोंदींच्या खिडकीकडे. तिथे काहीच नव्हतं. तिसऱ्या कप्प्यात तो रकाना तिनेच ठेवला नव्हता. बोटं वळवळत राहिली. मग तिने दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून धरले आणि सामना बघू लागली.